आडात आहे की नाही, हे आधी बघू

प्रश्न : आम्ही श्रीगोंदा तालुक्यात राहतो. पाच दुभत्या संकरित गायी, एक आटवलेली आणि दोन कालवडी एवढा गोठा. जनावरं सासरे आणि मी बघतो, डेअरीचा हिशेब दीर बघतात. वर्षभर घरात एकच वाद चालू आहे. आमची मंगल तिसऱ्या वेताला ऐन भरात २४ लिटर द्यायची, बाकीच्या १८ च्या आसपास. मंगलला चांगल्या वळूची कांडी (कृत्रिम रेतनासाठी गोठवलेलं वीर्य) भरून झालेली चांदी ४० महिन्यांची होऊन यंदा मार्चअखेर पहिल्यांदा व्याली, ती १३ लिटरवर अडकली आहे. त्याच वळूची शेजाऱ्यांची गाय दुसऱ्या वेताला, दिवाळीनंतर, १९ देत होती. नोव्हेंबरात आम्ही पंजाबची तिसऱ्या वेताची ताजी व्यालेली गाय आणली. व्यापाऱ्याने २८ सांगितले होते. आमच्याकडे डिसेंबरात २२ झाले आणि आता मेमध्ये १४. तीनदा भरली, तीनदा उलटली, गाभण राहिलीच नाही. फॅट ३.२ च्या वर जात नाही, डेअरी पैसे कापते. सासरे म्हणतात, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, रक्तच हलकं आहे. दीर म्हणतात, सगळ्या काढू, कर्ज घेऊन पंजाबच्या चार आणू आणि कालवडींना परदेशी वळूची कांडी भरू. मला वाटतं आपलं खाणंपाणीच चुकतंय, पण मला ते पटवून देता येत नाही. खुराक सकाळ-संध्याकाळ मिळून आठ किलो, वैरण हिरवा मका आणि हत्तीघास. कडबा महाग झाला म्हणून बंद केला. पाणी दोनदा पाजतो. मंगल जुलैत वेणार आहे. दोष रक्ताचा की गोठ्याचा?

उत्तर :

ताई, तुम्ही वेतं आणि महिने लिहिलेत, हे फार बरं केलंत. नुसतं "गाय दूध कमी देते" एवढंच लिहून आलं असतं तर मलाही अंदाजानेच बोलावं लागलं असतं. तुमच्या आकड्यांवरून घरातल्या वादाचा बराचसा निकाल लागतो. तो पूर्ण कुणाच्याच बाजूने नाही, तुमच्याही नाही. म्हणून जरा सावकाश वाचा, आणि जमलं तर दिरांना शेजारी बसवून वाचा.

चांदीपासून सुरुवात करू. तिच्याबद्दल घरात सगळ्यांची निराशा आहे, आणि ती बिचारी जवळजवळ तेवढंच देते आहे जेवढं तिने द्यायला हवं.

एकाच गोठ्यातल्या, एकच खाणाऱ्या गायींमध्ये दुधाचा जो फरक दिसतो, त्यातला साधारण पाव ते एक तृतीयांश फरक रक्तातून आलेला असतो. बाकीचा व्याल्याचा महिना, आजारपण, लहानपणीचं संगोपन, गव्हाणीतली जागा, नशीब अशा गोष्टींचा. मंगल बाकीच्यांपेक्षा ६ लिटर वरचढ होती. त्यातले रक्ताचे धरू पावणेदोन-दोन लिटर. आई आपल्या रक्ताचा निम्माच वाटा वासराला देते, म्हणजे मंगलकडून चांदीला वारशात मिळालं ते जेमतेम एक लिटर. तेही सरासरीने. सख्ख्या बहिणींतसुद्धा कुणाच्या वाट्याला कुठला निम्मा येईल ते कुणाच्या हातात नसतं. वळू सरासरी धरला, तर चांदी पूर्ण वयात आल्यावर १९ लिटरच्या आसपास जाईल अशी अपेक्षा ठेवता येते. आता पहिलारू गाय तिसऱ्या-चौथ्या वेताच्या मानाने ७० ते ७५ टक्केच दूध देते, कारण तिचं स्वतःचं शरीर अजून वाढत असतं. १९ चे ७५ टक्के केले की १४ येतात. ती १३ वर आहे, आणि तिचा भराचा काळ, म्हणजे व्याल्यानंतरचा दीड-दोन महिना, नेमका मेच्या उन्हात आला आहे.

मग शेजाऱ्यांची १९ वाली? ती दुसऱ्या वेताची, दिवाळीनंतरच्या थंडीतली. दुसऱ्या वेताची गाय पूर्ण वयाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर असते. दोघींना एकाच मापावर आणलं तर तिचे होतात २१-२२ आणि चांदीचे १७. घरात भांडण सहा लिटरवरून चाललं होतं, त्यातले दीड-दोन इथेच गेले. उरलेल्या चारांत ऊन आहे, शेजाऱ्यांची वैरण आहे, दोघींच्या आया वेगळ्या आहेत, आणि एका वळूच्या दोन लेकींचं रक्त सरासरीने चार आण्यांपेक्षा जास्त सारखं नसतं. नुसत्या "एकाच वळूच्या" म्हणून त्या जुळ्या ठरत नाहीत.

पंजाबच्या गायीचा हिशेब तर याहून सोपा आहे. डिसेंबरात २२ हा तिचा भर होता. भर ओसरला की चांगल्या गायीचंसुद्धा दूध महिन्याला सात-आठ टक्क्यांनी उतरतं. ७ टक्के धरून पाच महिने उतरवत आणा, मेमध्ये ती १५ वर येते. तुमच्याकडे १४ आहे. म्हणजे डिसेंबरनंतर तिचं फार काही बिघडलेलंच नाही. खरा प्रश्न २८ आणि २२ मधला आहे. त्यातला काही भाग प्रवासाचा, बदललेल्या चाऱ्याचा आणि मूरघास, म्हणजे आंबवून साठवलेला हिरवा चारा, सुटल्याचा असेल. पण काही भाग व्यापाऱ्याच्या जिभेचा असतो हे काष्टीच्या बाजारात आयुष्य काढलेल्या तुमच्या सासऱ्यांना मी सांगायची गरज नाही. एक धार चुकवून कास तुंबवली की कुठलीही गाय चार-पाच लिटर जास्तीची दिसते.

हे सगळं सांगून झाल्यावरही सासऱ्यांचा मुद्दा उरतोच. रक्त असतं, ते महत्त्वाचं असतं, आणि चांगल्या खुराकाने १८ लिटरवाली गाय ३५ लिटरवाली होत नाही. पण आडात पाणी किती आहे हे पोहरा गळका असताना कळत नाही. रक्ताचा फरक दिसायला सगळ्यांचं खाणंपिणं आधी पुरेसं आणि सारखं लागतं. अर्धपोटी गोठ्यात हलक्या आणि भारी रक्ताच्या गायी जवळजवळ सारखंच दूध देतात. उलट कधीकधी भारी रक्ताचीच आधी खंगते, कारण ती अंगावरची चरबी उतरवून दूध देत राहते. तुमची पंजाबची गाय उलटते आहे, त्यामागे हेच असण्याची मला दाट शंका आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण घरातला अर्धा गोंधळ हिच्यामुळे आहे. दूध, फॅट आणि गाभण राहणं या तिन्हींवर रक्ताचा जोर सारखा नसतो.

फॅटच्या टक्केवारीवर तो सगळ्यात जास्त. एका गोठ्यातल्या गायींमधल्या फॅटच्या फरकातला जवळजवळ निम्मा फरक रक्ताचा असतो, दुधापेक्षा बराच जास्त. एचएफ, म्हणजे होल्स्टीन फ्रीजियन या परदेशी काळ्यापांढऱ्या जातीचं दूध साडेतीनच्या आसपास, जर्सीचं पाचच्या जवळ आणि गीरचं साडेचारच्या आसपास राहतं, ते यामुळेच. शिवाय दूध आणि फॅटची टक्केवारी यांचं रक्तातच वाकडं आहे, नुसत्या लिटरवर वळू निवडत गेलं की फॅट खाली येत जातं. तेव्हा सासरे चूक नाहीत. पण तुमचा ३.२ हा सगळ्या गायींचा मिळून आकडा आहे, आणि सगळ्यांचं रक्त एकदम हलकं झालं असं होत नसतं. घसरण सगळ्यांची एकदम असेल तर दोष गव्हाणीत शोधायचा. एकीचीच असेल आणि वेतामागून वेत तशीच असेल, तर तो तिच्यात. ही कसोटी दुधालाही लावा, गाभण राहण्यालाही लावा. फार कमी वेळा फसवते.

तुमच्या गव्हाणीत काय चाललंय ते पत्रातच आहे. कडबा बंद, हिरवा मका आणि हत्तीघास, आणि आठ किलो खुराक दोन घमेल्यांत. गायीच्या पोटात चोथ्यापासून जे आम्ल तयार होतं त्यातूनच बरंचसं फॅट बनतं. चोथा कमी आणि एकदम चार किलो पेंड गेली की पोट आंबतं, गाय रवंथ कमी करते आणि फॅट बसतं. संध्याकाळी चारच्या सुमाराला गोठ्यात जा आणि निवांत बसलेल्या गायी बघा. निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसायला हव्यात. नुसत्याच बसून राहिलेल्या असतील, शेण पातळ आणि त्यात सरकीचे वा मक्याचे अख्खे दाणे दिसत असतील, तर फॅटचं उत्तर तिथेच पडलेलं आहे. कडबा महाग झाला हे खरं, पण गायीमागे रोज चार किलो कोरडी वैरण परत सुरू करा. ज्वारीचा कडबा नाही परवडला तर मक्याचा, बाजरीचा, सोयाबीनचा भुसा मिसळून, काहीही चालेल. कुट्टी पिठासारखी बारीक करू नका. खुराकाचे दोनाचे चार वाटे करा आणि आधी वैरण, मग खुराक. गरज पडली तर तुमच्या डॉक्टरांना विचारून खाण्याचा सोडा द्या.

आणखी एक. धारेचं पहिलं दूध पातळ असतं, शेवटचं सगळ्यात दाट. पान्हा पूर्ण न उतरवता घाईने सड सोडले, किंवा शेवटचं दूध वासरासाठी ठेवलं, तर फॅट कासेतच राहतं. संकलन केंद्रावर तीन दिवस प्रत्येक गायीचं दूध वेगळं तपासून घ्या, मशीनवाला कुरकुर करेल पण करेल. पाचही कमी निघाल्या तर वर सांगितलं ते. एखादीच खाली असेल तर तिची सुप्त दगडीसाठी (वरून न दिसणाऱ्या कासेच्या आजारासाठी) तपासणी करा, ती स्वच्छ निघाली आणि तरीही फॅट खालीच राहिलं, तर मग सासऱ्यांचं म्हणणं त्या गायीपुरतं मान्य करा.

गाभण राहण्याचं याच्या अगदी उलट. गायी गाभण राहण्यात जो फरक दिसतो त्यात रक्ताचा वाटा शंभरात पाच-दहाच्याही खाली असतो. म्हणजे गाय तीनदा उलटली की "जातच वांझोटी" म्हणून काढून टाकणं हा सगळ्यात महागाचा निष्कर्ष. ताजी व्यालेली, लांबून आलेली, भरात २२ लिटर देणारी आणि पोटभर न खाणारी गाय पहिल्या काही महिन्यांत नीट माजावर येत नाही. उन्हाळ्यात माज रात्रीचा आणि थोड्या वेळाचा होतो, आपल्याला सकाळी नुसती सोट, म्हणजे माजाचा चिकट स्राव, दिसते आणि घाईत चुकीच्या वेळी कांडी भरली जाते. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी दोन्ही वेळा गोठ्यात चक्कर मारा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. खनिज मिश्रण रोज द्या, सणासुदीला नव्हे. चौथ्यांदा भरण्याआधी डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्या.

पण इथे रक्ताचा एक वेगळा भाग आहे, आणि तो दिरांसाठी आहे. दोन वेगळ्या जातींचा पहिला संकर केला की जी जोमदार पिढी निघते, तिचा सगळ्यात मोठा फायदा गाभण राहणं, टिकाव, रोगांना तोंड देणं यातच दिसतो. पुढे प्रत्येक पिढीत एचएफच भरत गेलं की तो जोम विरत जातो. गाय दिसायला काळीपांढरी, उंच, देखणी होते आणि आपल्या हवेत उलटायला लागते. आपल्या देशातल्या संकरीकरणाच्या अनुभवात परदेशी रक्त निम्म्यापासून ६२.५ टक्क्यांपर्यंत असलेल्या गायी सर्वसाधारण शेतकऱ्याच्या गोठ्यात बऱ्या चालल्या आहेत. तुमच्याच जिल्ह्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात तयार झालेली फुले त्रिवेणी घ्या : निम्मं एचएफ, पाव जर्सी, पाव गीर. दुधासाठी एक, फॅटसाठी एक, उन्हाला तोंड द्यायला एक, असा तो विचार होता. पंजाबच्या चार आणायच्या म्हणजे बहुधा याच्या बरंच पुढचं रक्त आणायचं, जे पंजाबच्या मूरघासावर, पंख्यांखाली आणि फवाऱ्यांखाली चालतं. गाय टेम्पोत येते. तिचं हवापाणी तिकडेच राहतं.

उन्हाचा हिशेब दिरांना आकड्यात सांगा, त्यांना आकडे आवडतात असं दिसतं. हवेचं तापमान आणि आर्द्रता मिळून एक निर्देशांक काढतात, तो ७२ च्या वर गेला की एचएफचं दूध उतरायला लागतं. २५ अंश आणि ५० टक्के आर्द्रता, एवढ्यावरच तो ७२ होतो. ३० अंशाला ७८. श्रीगोंद्यात मे महिन्यात ४० अंश आणि हवा कोरडी धरली तरी ८३ च्या वर. म्हणजे आपल्याकडे थंडीचे महिने सोडले तर ही जनावरं दिवसाचा बराच वेळ सोसतच असतात. यातली निम्म्याच्या आसपास घट गाय कमी खाते म्हणून होते, बाकीची शरीर थंड ठेवण्यात जाते. आणि तुम्ही तिला पाणी दोनदा पाजता. दुभती एचएफ उन्हाळ्यात दिवसाला ८० ते १०० लिटर पाणी पिते, ते दोन वेळेच्या बादल्यांत बसत नाही. कर्जाचा पहिला रुपया जर कुठे जाणार असेल तर तो २४ तास भरलेल्या, सावलीतल्या पाण्याच्या हौदात जाऊ द्या. त्यासाठी खरं तर कर्जही लागत नाही. जागा असेल तर मागच्या बाजूला जाळी मारून मुक्त गोठा करा, मग तहान लागेल तेव्हा ती स्वतः जाईल.

परदेशी वळूबद्दल. कांडीच्या जाहिरातीत "वळूच्या आईचं दूध" मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. मंगल आणि चांदीचा हिशेब वर केलाच आहे, आईच्या दुधावरून लेकराचा अंदाज किती कच्चा असतो ते तुम्ही पाहिलंत. वळूच्या बाबतीत तर त्याचं स्वतःचं दूधच नसतं, त्यामुळे त्याच्या अनेक गोठ्यांतल्या लेकी काय देतात हाच खरा पुरावा. विचारायचं ते त्याचं ब्रीडिंग व्हॅल्यू, म्हणजे लेकींच्या दुधात तो किती भर घालतो याचा आकडा, आणि तेही आपल्या देशात, आपल्यासारख्या गोठ्यांतल्या लेकींवरून काढलेलं असेल तर उत्तम. थंड देशात पहिला आलेला वळू उष्ण देशात पहिला येईलच असं नाही. ब्राझीलवाल्यांनी हे ओळखलं. आपल्याकडूनच गेलेल्या गीरच्या वळूंची लेकींच्या दुधावरून पारख करण्याचा कार्यक्रम त्यांनी १९८५ मध्ये सुरू केला आणि नेमाने चालू ठेवला. आज दुधाच्या गीरसाठी जग तिकडे बघतं, आणि आपण सत्संगाला जाऊन आल्यासारखे त्यांच्या गायींचे व्हिडिओ एकमेकांना पाठवतो. रक्त आपलंच होतं, वही त्यांनी ठेवली.

आता आपल्याकडेही वेग येतोय. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीममध्ये गायींसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप यांचं लोकार्पण झालं. जनावराच्या रक्ताच्या किंवा केसांच्या नमुन्यावरून त्याची क्षमता लहानपणीच जोखण्यासाठी ती आहे, त्यामुळे लेकी व्यायची वाट न बघता वळू निवडता येतील. पण हे तंत्रसुद्धा शेवटी हजारो गोठ्यांतून खऱ्या मोजमापावर शिकतं. लिंगनिर्धारित कांडीचंही स्पष्ट करून ठेवते : तिने दहात नऊ कालवडी होतील. त्या कालवडी दूध किती देतील हे वळूवर, कांडीच्या प्रकारावर नाही. पाच-सात गायींच्या गोठ्यात ती सगळ्यांना भरायची गरज नाही. तुमच्या वहीत दोन वेतं वरचढ ठरलेल्या गायींना भरा, खालच्यांना साधी भरा आणि त्यांच्या कालवडी ठेवू नका. वळूचा क्रमांक कांडीवरच छापलेला असतो, तो लिहून घ्या, नाहीतर चार वर्षांनी बापाचीच कांडी लेकीला भरली जाईल. असं किती गोठ्यांत होतं ते विचारू नका.

आज भरलेल्या कांडीचं दूध डेअरीत जायला किती काळ लागेल? नऊ महिने गाभण, मग कालवड चांगली वाढवली तर २६-२८ महिन्यांत व्याली, म्हणजे तीन वर्षांच्या आसपास. तुमची चांदी ४० महिन्यांची व्याली, म्हणजे एक अख्खं वर्ष तिने फुकट खाल्लं. यात रक्ताचा दोष काहीच नाही. ती लहानपणी कमी वाढली. आपल्याकडे वार पडेपर्यंत वासराला चीक पाजत नाहीत, तुमच्याकडेही ती पद्धत असेल तर आजपासून बंद. वार कधी पडायची ती पडो. वासराला पहिल्या दोन तासांत अडीच-तीन लिटर चीक मिळालाच पाहिजे, कारण त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं आतड्यातून शोषली जाण्याची सोय पहिल्या दिवसातच संपते. पुढे दूध तोडायच्या आधीची वाढ जितकी चांगली, तितकं पहिल्या वेताचं दूध जास्त, हे परदेशातल्या अनेक गोठ्यांच्या नोंदींत दिसलं आहे. कालवड अडीचशे किलोच्या पुढे गेली की भरायची, वय मोजत बसायचं नाही.

आणि हे सगळं पोटातच सुरू होतं. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात, तिथल्या दमट उन्हाळ्यात, आटवलेल्या गायींचे दोन गट करून पाहिले गेले : एक नुसत्या सावलीत, दुसरा सावली, पंखे आणि पाण्याच्या फवाऱ्यांत. नुसत्या सावलीत उकाडा सोसलेल्या गायींनी पुढच्या वेताला कमी दूध दिलंच, पण त्या वेळी पोटात असलेल्या त्यांच्या लेकींनीही मोठ्या होऊन कमी दूध दिलं, आणि नातींपर्यंत परिणाम दिसला. त्या लेकींचं रक्त इतरांसारखंच होतं. तरी "रक्त हलकं" म्हणून त्यांच्यावर शिक्का बसला असता.

म्हणून मंगल. ती दूध देत नाही म्हणून तुम्ही तिला कुठे बांधलंय ते पत्रात नाही, पण बहुतेक गोठ्यांत भाकड गायीला पश्चिमेच्या पत्र्याखाली जागा आणि उरलेली वैरण मिळते. तुमच्याकडे तसं असेल तर हे पत्र वाचून झालं की तिला आज संध्याकाळीच हलवा. झाडाखाली, वारं लागेल अशी जागा, दुपारी अंगावर पाण्याचा फवारा, हौदात पाणी, आणि वेण्याआधीचे तीन आठवडे थोडा थोडा खुराक वाढवत. तुमच्या गोठ्यातली सगळ्यात चांगली गाय आणि बहुधा पुढची सगळ्यात चांगली कालवड, दोघी त्या एका दाव्याला आहेत.

दिरांच्या योजनेबद्दल मी थेट नाही म्हणते. सगळ्या काढून पंजाबच्या चार आणल्या तर याच गव्हाणीवर, याच पाण्यावर पुढच्या मेमध्ये त्याही १४ वर असतील, आणि हप्ता वेगळा. सासऱ्यांना वहीचं काम द्या. प्रत्येक गायीचं नाव, कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, व्याल्याची तारीख, वेत, आणि महिन्यातून एकदा दोन्ही धारांचं मोजलेलं दूध आणि फॅट. एवढ्यावर वर्षभरात तुम्हाला तुमच्याच गोठ्यात दिसेल की सारखं खाऊनही मागे राहणारी कोण आहे. दोन वेतं मागे राहिली की ती काढा, तेव्हा मी सासऱ्यांच्या बाजूने असेन. एका वेतावरून मात्र कुणाला काढू नका. या वेताचं दूध पाहून पुढच्या वेताचा अंदाज निम्म्यानेच खरा ठरतो.

त्यानंतरही एखादी गाय बाहेरून आणायचीच ठरली, तर दूर पंजाबला न जाता जिल्ह्यातल्याच, वही ठेवणाऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यातून दुसऱ्या वेताची आणा. मालक तुमच्यासारखंच खाऊ घालतो का, हे आधी बघा. आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम करा, लागोपाठ तीन धारा स्वतः समोर उभं राहून मोजा, पहिली धार हिशेबात धरू नका. चारही सड स्वतः पिळून बघा. पैसे तिसऱ्या धारेनंतर.